डेअरडेव्हिलचा तिसरा सीझन परत बघितला

काल रात्री परत लावला, २०१८ चा तिसरा सीझन, बाहेर गंगापूर रोडला धो धो पाऊस, लाइट येतेय जातेय आणि मी आपला एकामागून एक एपिसोड बघतोय. सिरीज पहिल्यापासून काळोखीच आहे पण इथे मॅट मर्डॉक, म्हणजे रात्री डेअरडेव्हिल बनून गुंडांशी लढणारा आंधळा वकील, आतून संपलाय. बिल्डिंग अंगावर कोसळून कसाबसा वाचलाय, देवावर चिडलाय, अंगावर लाल सूट नाही, डोळ्यांवर नुसतं काळं फडकं. आणि तोच लाल सूट घालून फिस्क या गुन्हेगारांच्या बॉसचा माणूस डेक्स पेपरच्या ऑफिसात शिरतो ना, तिथे पोटात गोळाच येतो, कारण आता सगळ्या शहराला वाटणार की हे डेअरडेव्हिलनेच केलं! माणसाचं नावच हिसकावून घेतलं की हो.

जेलमधला तो साधारण ११ मिनिटांचा सलग सीन तर मी दोनदा बघितला. मॅटला इंजेक्शन दिलेलं, तोल जातोय, तरी पठ्ठ्या धडपडत पुढे जातोच. आई पाणी प्यायला उठली होती, म्हणाली, "अरे हा एवढा मार खातो, मग हिरो कसला?" मी म्हटलं, "आई, म्हणूनच तर."

चर्चमधले फादर लँटम मॅटच्या मैत्रिणीला, कॅरेनला वाचवताना गेले तेव्हा मात्र मी थांबवून ठेवलं थोडा वेळ. या माणसाने मॅटला इतकी वर्षं सांभाळलं. पुढचे एपिसोड आज रात्री.