करमत नाही

रविवार, रात्रीचे साडेदहा.

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर मोठी माय माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिली. मला वाटले, तिला ते रंग आवडले असावेत. उठताना मात्र तिने निळ्या माशाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "त्याले आठे करमस नही रे." एवढे बोलून ती आडवी व्हायला आत गेली. माझ्या मनातून ते वाक्य अजून गेलेले नाही.

संध्याकाळपासून मी तिचे म्हणणे खोडून काढण्याच्या मागे आहे. पाणी तपासले. क्षारतेचे माप 1.025 आले, तापमान 26 अंश, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सकाळी चिमट्याला लावलेली शेवाळाची पट्टी त्याने संपवली होती, अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पंख फाटलेले नाहीत. आजाराचे एकही लक्षण नाही, आणि तरीही तो काचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, वळतो, परत येतो आणि पुन्हा वळतो. गेले तीन आठवडे मी हे रोज पाहत आलो आणि त्याला त्याचा चपळपणा समजत आलो. मोठ्या मायला ते एका दुपारीत दिसले.

वाईट वाटले ते याचे की या टाकीसाठी मी काय कमी केले? समुद्र इथून जवळपास तीनशे किलोमीटर दूर आहे. बोअरचे पाणी इतके जड की प्रत्येक बादली आधी आरओमधून काढावी लागते, आणि मग 100 लिटरला सुमारे साडेतीन किलो या हिशेबाने सागरी मीठ विरघळवावे लागते. पहिला मासा आणण्यापूर्वी दीड महिना मी रिकामी टाकी चालवली, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीतल्या खडकात रुजल्याशिवाय तिथे मासा सोडणे म्हणजे त्याला त्याच्याच घाणीत मारणे. जळगावच्या एप्रिल-मेमध्ये पाणी दिसता दिसता उडते, मीठ मात्र मागे राहते आणि क्षारता चढत जाते. म्हणून रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत बिनमिठाचे पाणी भरावे लागते. बाहेर 44 अंश असताना पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की माठातले पाणी थंड होते त्याच रीतीने टाकीही उतरते, पण मग पाणी आणखी उडते. रात्री वीज गेली की मी आधी पंप इन्व्हर्टरवर आला की नाही ते बघतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. इतके करूनही एखाद्या जिवाला इथे करमत नसेल, तर मी आणखी काय करायचे, असे मला संध्याकाळी खरोखर वाटले आणि डोळे भरून आले.

पण मी पाण्याचाच हिशेब मांडत बसलो होतो. मोठी माय पाण्याविषयी बोललीच नव्हती.

सुरुवातीला मी मासे फार विचार करून निवडले होते. क्लाउनफिश घेतले, कारण समुद्रातही ते एका समुद्रफुलाच्या आसऱ्याने काही हातांच्या परिसरात आयुष्य काढतात. अडीच फूट लांबीची टाकी त्यांना कैद वाटण्याचे कारण नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास बंदिस्त पाण्यात साधली आहे, आणि माझी जोडीही टाकीतच जन्मलेली आहे. सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. आमच्याकडे ते ठरून गेले आहे आणि घरात शांतता आहे. त्यांच्यानंतर पिवळा गोबी आणला आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. कोळंबीला फारसे दिसत नाही, ती वाळूत बीळ खणत राहते आणि खणताना एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी शेपूट हलवतो आणि ती आत पळते. त्या दोघांचा संसार वीतभर वाळूत मावतो. डॅमसेल मासे स्वस्त मिळत होते, तरी घेतले नाहीत, कारण ते मोठे होतात तसे इतरांना कोपऱ्यात कोंडतात. मँडरीन माशाच्या नक्षीवरून नजर हटत नव्हती, पण तो कोपेपॉड नावाचे जिवंत सूक्ष्म जीव वेचून खातो आणि एवढ्याशा खडकात ते महिनाभरात संपून तो उपाशी मरतो, म्हणून त्यालाही नाही म्हटले.

एवढे कळत असताना मी हा निळा मासा, ब्लू टँग, आणला. दुकानदार म्हणाला होता की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. ते खोटे आहे हे मला त्याच क्षणी माहीत होते. हा मासा फूटभर होतो, प्रवाळांच्या कडेने दिवसभर लांब लांब पोहतो, आणि बंदिस्त पाण्यात त्याची पिल्ले पहिल्यांदा वाढवता आली ती 2016 मध्ये, तीही फ्लोरिडाच्या प्रयोगशाळेत. बाजारात येतो तो बहुतेक समुद्रातून पकडलेलाच. तो तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा होता आणि फोनवर त्याचे चित्र पाहून पुण्याहून लेकीची जी किंकाळी आली, ती ऐकून मी पैसे मोजले. नावही तिनेच ठेवले. पुण्याच्या त्या खोलीत तिला स्वतःला... असो.

करमणे न करमणे हे खाण्यापिण्यावर नसते, हे मला या घरात कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. जूनपासून मी ते रोज संध्याकाळी अनुभवतो आहे.

रात्री नाशिकच्या एका ओळखीच्या टाकीवाल्यांना फोन केला. त्यांची टाकी सहा फुटी आहे, 600 लिटरच्या वरची, आणि त्यांनी मागेही एकदा विचारले होते. ते लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर वाईट वाटेल असे वाटले होते, पण उलट छाती मोकळी झाली. माझ्या 100 लिटरमध्ये दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि एक कोळंबी नीट राहतात. तेवढीच माझी ऐपत आहे, आणि ती वाईट नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीने न्यायचे, म्हणजे ऊन चढण्याआधी पोहोचता येईल. शुक्रवारी त्याला खायला घालायचे नाही, म्हणजे पिशवीतले पाणी वाटेत खराब होणार नाही. थर्मोकोलचा डबा आहे. पकडायला जाळी वापरायची नाही, कारण त्याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो आणि तो जाळीत अडकून मासा जखमी होतो; उद्या बाजारातून एक पारदर्शक चौकोनी डबा आणायचा. पुण्याला मात्र अजून सांगितलेले नाही.

आता दिवा बंद केला आहे. तो खडकाच्या कपारीत अंग खुपसून आडवा झोपला आहे. पहिल्या रात्री त्याला तसा पाहून तो मेला असे समजून मी घरातल्या सगळ्यांना उठवले होते. पाणी खुणेच्या बोटभर खाली गेले आहे, सकाळी भरायचे आहे.