घोडकाठची पांढरी

शिरूर तालुक्यात कुणालाही गावाचा इतिहास विचारा, सुरुवात ग्रामदैवतापासून होते आणि गाडी पाटलांच्या वाड्याशी येऊन थांबते. इनामगावचं तसं नाही. तिथली जुनी वस्ती इसवी सनापूर्वी १६००च्या आसपासची. माझं आजोळ तिथून जवळच, तरी हे मला कळलं ते पुण्यात कॉलेजला आल्यावर. आमच्या घरात ‘तिकडं पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत, खापरं सापडतात’ एवढाच विषय होता.

घोड नदी सह्याद्रीत भीमाशंकरच्या बाजूला उगम पावते, वाटेत कुकडीला घेते आणि इथवर येते. पलीकडे श्रीगोंदा. डोंगरात धो धो कोसळणारा पाऊस इथपर्यंत येतच नाही. नदीला वरच्या पावसाने पूर आणि रानात धूळ, असं चित्र आम्ही कितीदा तरी पाहिलंय. ओल धरून ठेवणारी काळी जमीन, हाच काय तो आधार. तो तेव्हाच्या माणसांनीही बरोबर हेरला होता.

१९६८ ते १९८३ अशी तब्बल पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही पुरातत्त्वातली मोठी माणसं त्यात होती. मिळालं काय? सोनंनाणं नव्हे, तर अख्खं गाव. मातीच्या भिंतींची चौकोनी घरं, धान्याचे बळद, चुली. जव हे मुख्य पीक. एक घर पाच खोल्यांचं आणि शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या मुखियाचं असावं असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे धान्य ज्याच्या ताब्यात, गाव त्याच्या ताब्यात.

मला सगळ्यात चटका लावतात ती दफनं. मेलेलं लहान मूल दोन रांजणांत घालायचे, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवून आडवे ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले. मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा एक अंदाज. मामीला हे सांगितलं तर ती पायांबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, “लेकरू लांब कशाला टाकतील? घरातच ठिवलं.” मला तिचं म्हणणं जास्त पटतं.

नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी चारी खोदली होती, बांध घातला होता. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास मात्र दिवस फिरले. हवा कोरडी होत गेली असं मानतात. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली आणि इसवी सनापूर्वी ७००च्या आसपास वस्ती उठली.

आता चिंचणीच्या धरणामुळे या पट्ट्यात ऊस उभा आहे. जव कुणी पेरत नाही. मामाचं रान टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला; पाण्याच्या पाळीवरून तो वर्षभर कुणाशी ना कुणाशी भांडत असतो. त्याला ती जुनी चारी समजावून सांगत होतो. सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, “तवाबी टेलच्या माणसाला पाणी मिळत नसंल बघ. मुखियाचं घर कुठल्या अंगाला व्हतं, ते इचार की त्या साहेबांना.”