आंबलेल्या बियांचा लॉट

गोणी उघडताच आंबूस वास आला. रस काढून उरलेल्या डाळिंबाच्या बिया होत्या, गर अजून चिकटलेला. मधोमध हात घातला तर आतून चांगल्याच गरम. खरेदी विभागातले सहकारी म्हणाले, "अहो, कचराच तर आहे. जरा ओला आहे, वाळवून घ्या."

आम्ही अशा बियांचं तेल काढतो, आणि या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे. बी ओली पडून राहिली की तिच्यातलं लायपेज हे विकर तेल तोडायला लागतं आणि मोकळी मेदाम्लं सुटतात. नंतर कितीही वाळवा, तुटलेलं तेल पुन्हा जुळत नाही.

डाळिंबाच्या बियांच्या तेलाला त्वचेच्या उत्पादनांत मागणी आहे ती प्युनिसिक आम्लामुळे. तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं. पण त्याच्या रेणूतले तीन दुहेरी बंध अशा रचनेत असतात, की हवा आणि उष्णता लागली की ते लवकर बिघडतं. म्हणून तेल विरघळवून काढायला आम्ही हेक्झेन हे पेट्रोलियमपासूनचं द्रावक वापरत नाही, कार्बन डायऑक्साइड वापरतो. ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार दाबाच्या वर तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही. वायूसारखा बीच्या भुकटीत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवतो. आम्ही ३०० बार आणि ५० अंशांवर चालवतो. दाब सोडला की तेल खाली बसतं आणि वायू पुन्हा पंपाकडे जातो. द्रावक उडवायला तेल तापवावं लागत नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण खरी कसोटी दळणाची. भुकटी फार बारीक झाली तर ती दबते, वायू एकाच वाटेने निघून जातो आणि बाजूचा माल कोरडाच राहतो. जाड ठेवली तर तेल आतच अडकतं. ओल राहिली तर दाब सोडण्याच्या व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, कारण पसरणारा वायू कमालीचा थंड होतो. आमचे ऑपरेटर मूठभर भुकटी चोळून ओल सांगतात आणि मीटर बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत होतो. अशा माणसांचं नाव कुठल्याच माहितीपत्रकात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर तो लॉट वाळवला, दळला, भरला. तेल निघालं सोनेरी आणि नितळ. मार्केटिंगच्या मंडळींनी बाटलीचे फोटोही काढले. हवेमुळे तेल किती बिघडलं ते सांगणारा पेरॉक्साइडचा आकडा उत्तम आला. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे मोकळ्या मेदाम्लांचं माप, मात्र १४. आमची मर्यादा २ आहे.

मोकळी मेदाम्लं कार्बन डायऑक्साइडमध्ये तेलापेक्षा सहज विरघळतात, त्यामुळे ती आधी बाहेर येतात. फॉस्फोलिपिडं, म्हणजे तेलाला गढूळ करणारे फॉस्फरसयुक्त मेद, उलट पेंडीतच राहतात. तेल नितळ दिसतं ते त्यामुळेच, पण तेलाचं थोडं नैसर्गिक संरक्षणही पेंडीतच राहून जातं. लोक नितळपणालाच शुद्धता समजतात.

मी याच गुणाचा उपयोग करून पाहिला. लॉटमधल्या अजून तेल न काढलेल्या भुकटीवर आधी दाब कमी ठेवून आम्लं वेगळी काढायची आणि मग दाब वाढवून तेल. ॲसिड व्हॅल्यू उतरली. पण कमी दाबाला वायूची विरघळवण्याची ताकदच इतकी कमी, की पंप चालतच राहिला. विजेचा मीटर पाहिल्यावर त्याला हरित म्हणायला माझी जीभ रेटेना. दुसरा मार्ग कॉस्टिक सोड्याचा: आम्लांचा साबण होतो, तो काढायचा, तेल धुवायचं आणि ते सांडपाणी कुठेतरी सोडायचं. मी त्याला नकार दिला. तेल साबणवाल्यांकडे गेलं.

वरिष्ठांचा प्रश्न अजून डोक्यात आहे. "फेकलेल्या बिया वाचल्या, हेक्झेन टळलं. थोडा सोडा वापरला असता तर एवढं काय बिघडलं असतं?" सांडपाणी एका बाजूला आणि कुजणाऱ्या बिया दुसऱ्या बाजूला ठेवून मी हिशोब मांडतो, तो दरवेळी वेगळा निघतो. लेबलवर 'हरित' छापायचं नसतं, तर मी कदाचित सोड्याला हो म्हटलं असतं.

मात्र एका बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. बिया रस काढल्याच्या दिवशीच, त्याच आवारात वाळल्या पाहिजेत, आणि त्या वाळवणीचे पैसे आम्ही दिले पाहिजेत. आम्ही कचऱ्याचा भाव देतो, म्हणून रसवाले बिया कचऱ्यासारख्या सांभाळतात. तसा प्रस्ताव मी दिला आहे. खरेदी विभाग म्हणतो, कच्चा माल महाग पडेल. नाकारलेल्या लॉटची वीज आणि मजुरी त्या हिशोबात धरा, एवढंच मी त्यांना लिहून पाठवलं आहे.