सवलत दिली की मूल आळशी होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई-बाबांकडून येतो आणि कधीकधी शाळेतल्या टीचरकडूनही. मुलाचं असेसमेंट झालेलं असतं, रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया (म्हणजे वाचायला, अक्षरं जुळवायला अडचण) किंवा एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकवायला, एका जागी बसायला अडचण) असं काहीतरी असतं, खाली शिफारशी असतात की पेपरला जास्त वेळ द्या, प्रश्न वाचून दाखवा, तोंडी उत्तर घ्या. रिपोर्टची घडी घालता घालता आई हळूच विचारते, "मॅडम, हे सगळं दिलं तर त्याला सवयच लागेल ना? मग तो स्वतः कधी वाचणार?"

नाही हो लागत. मदत काढून घेतली म्हणून एखादं मूल वाचायला लागलं असं मी तरी बघितलेलं नाही. मूल वाचायला लागतं ते त्याला नीट शिकवल्यामुळे, म्हणजे आवाज आणि अक्षर यांची जोडी एकेक करून, क्रमाने, पुन्हा पुन्हा, रोज थोडं थोडं. ते एक काम. आणि ते होईपर्यंत बाकीचे विषय थांबू नयेत म्हणून दिलेली सवलत हे दुसरं काम. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायची असतात, आणि आपण नेमकं या दोन कामांना एकमेकांसमोर उभं करतो, की हे दिलं तर ते होणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या चौथीतल्या एका मुलाचं सांगते. 'वातावरणातील बाष्प' असे दोन शब्द समोर होते. वा... ता... मग थांबला, परत वा, ता, व, र, आणि मग एकदम "वाटतं" म्हणाला, कारण पुढची अक्षरं जुळवेपर्यंत मागची निसटली होती, सुरुवात आठवत होती तेवढ्यावरून अंदाज मारला. 'बाष्प'मधल्या जोडाक्षराला तर त्याने हातच लावला नाही. वाक्य संपलं तेव्हा कपाळावर घाम होता आणि काय वाचलं विचारलं तर काहीच सांगता येईना, सगळी ताकद अक्षरं फोडण्यातच गेली होती. मग तोच परिच्छेद मी मोठ्याने वाचला. तो म्हणाला, "पण पाणी तर जड असतं, मग ढग खाली का पडत नाही?" असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला विज्ञान येत नाही असं कोण म्हणेल? पण पेपरमध्ये तसंच दिसतं, कारण पेपर त्याच्यापर्यंत पोचतो तो वाचनातून.

डिस्लेक्सिया हे काही आजकालचं फॅड नाही, तसंही बरेचजण म्हणतात म्हणून सांगते. 1896 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलंय. 749 गुणिले 867 त्याने पटकन आणि बरोबर केलं, पण साधे साधे शब्द वाचता येईनात आणि स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा उलटसुलट झाली, जे दाखवून देईपर्यंत त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याला काही वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं त्या लेखात आहे, की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मला हे वाचून दरवेळी हळहळ वाटते, कारण उत्तर त्या मास्तरांना तेव्हाच दिसलेलं होतं.

आता सवलत न देता "आधी वाचायला शिकू दे, मग बघू" असं केलं तर काय होतं? कीथ स्टॅनोविच नावाच्या संशोधकाने 1986 मध्ये हे फार नीट मांडलंय. एका वयानंतर मुलांना नवीन शब्द, नवीन माहिती मोठ्या प्रमाणात वाचनातून मिळते. जे मूल कमी वाचतं त्याचे शब्द कमी पडतात, शब्द कमी पडले की धडा कळायला अजून जड जातो, जड जातो म्हणून ते अजून कमी वाचतं, आणि असं करत करत जी अडचण फक्त अक्षरं फोडण्याची होती ती चार-पाच वर्षांत इतिहासाची, भूगोलाची, विज्ञानाची सगळ्याचीच होऊन बसते. म्हणून गोष्टी, धडे, पुस्तकं त्याला ऐकवायचीच, ऑडिओ लावा, तुम्ही वाचा, ताईला वाचायला सांगा, ही लाड म्हणून करायची गोष्ट नाही. आणि वाचन शिकवायची अर्धा तासाची वेळ त्यातून वेगळी काढायची, त्या वेळात मात्र तोच वाचणार, आपण नाही.

परीक्षेचंही तेच. मी शाळेत गेले की एवढंच विचारते, या पेपरमध्ये तुम्हाला नक्की काय तपासायचंय? वाचन तपासायचं असेल तर प्रश्न वाचून दाखवू नका, बरोबर आहे तुमचं. पण प्रकाशसंश्लेषण कळलंय का हे तपासायचं असेल तर प्रश्न त्याने डोळ्यांनी घेतला की कानांनी याने काय बिघडतं? तसंच गणितातली रीत तपासायची असेल तर डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची अडचण असलेल्या मुलीसमोर पाढ्यांचा तक्ता असू दे ना, रीत तिलाच लावायचीय.

पण एक गोष्ट तितक्याच कळकळीने सांगते, सरसकट "जास्त वेळ द्या" हे काही सगळ्यांचं औषध नाही. अक्षरं फोडायला वेळ लागणाऱ्या मुलाला त्या वेळाचा उपयोग होतो. एडीएचडीच्या मुलाला नुसता वेळ वाढवला तर कित्येकदा फक्त खुर्चीत अडकून राहायचा वेळ वाढतो, त्याला पेपर तुकड्यातुकड्यात आणि मध्ये उठून फिरायची मुभा जास्त कामी येते. ज्याचा हात लिहून लिहून दुखतो, अक्षर रेषेवर राहत नाही, त्याला टाइप करू द्या नाहीतर तोंडी घ्या. ऑटिझम असलेल्या मुलाला उत्तर येत असतं पण वर्ग बदलला, बाई बदलल्या, पंख्याचा आवाज वेगळा आला की तो कोलमडतो, तिथे आदल्या दिवशी वर्ग दाखवून आणणं आणि दिवसभराचा क्रम चित्रांनी समोर लावणं ही खरी मदत. आणि यातल्या दोन गोष्टी एकाच मुलात असणं अगदी कॉमन आहे, म्हणून रिपोर्टच्या पहिल्या पानावरचं लेबल वाचून थांबू नका, मूल नक्की कुठल्या पायरीला अडतंय ते शेजारी बसून बघा.

डोळे आणि कान आधी तपासून घ्याच. पण रंगीत काचेचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम करून डिस्लेक्सिया जातो असं कोणी सांगितलं तर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्र सांगितलंय की त्याला पुरावा नाही. अडचण शब्दांतले आवाज वेगळे करून अक्षरांशी जोडण्यात असते, डोळ्यांत नसते.

सवयीपेक्षा मला खरी काळजी वेगळीच वाटते. सातवी-आठवीत गेली की ही मुलं स्वतःच सवलत नाकारायला लागतात, कारण सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन त्यांना वेगळ्या खोलीत पाठवतात, मित्र विचारतात तुलाच का, आणि मग मूल म्हणतं नको मला काही, नापास झालो तरी चालेल. हे फार लागतं जिवाला. म्हणून मुलाला त्याच्या अडचणीबद्दल लहानपणीच, त्याला कळेल असं सांगा. "तुला समजतं भराभर, पण अक्षरं जुळवायला तुझ्या मेंदूला जास्त मेहनत पडते, म्हणून ती आपण वेगळी शिकतोय आणि तोवर धडे ऐकतोय." एवढं पुरतं. आणि मित्रांनी विचारलं तर काय सांगायचं हे त्यालाच ठरवू द्या, काही मुलं बिनधास्त सांगतात, काहींना नाही सांगायचं, दोन्ही ठीक.

राहिला प्रश्न, कधी बंद करायचं? काही मुलं स्वतःच सोडतात, वाचन सुटसुटीत झालं की वाचून दाखवणाऱ्याचा स्पीड त्यांनाच कमी वाटायला लागतो. काहींना वेग कायम कमी राहतो आणि ती कॉलेजातही ऐकूनच अभ्यास करतात, छान शिकतात. शाळेशी बोलताना दहा मागण्यांची यादी नेऊ नका, बाईंवर तीस-चाळीस मुलांचा वर्ग असतो. एकच नेमकी गोष्ट मागा, समजा विज्ञानाच्या चाचणीत प्रश्न वाचून दाखवणं, दीड-दोन महिने करून बघा, आधीचे आणि नंतरचे पेपर शेजारी ठेवून बाईंसोबत बसा आणि पुढचं काय ते तेव्हा ठरवा, त्या बैठकीत मुलालाही बसवा.