पालोमिनो व्हॅलीतले घोडे

आज अमेरिकेत, नेवाडातल्या रीनोहून पिरॅमिड हायवेने पालोमिनो व्हॅलीला जाऊन आलो. सरकारने माळरानातून धरलेले रानटी घोडे इथे ठेवतात. लोखंडी कठडे, धूळ आणि पुढ्यात वाळलेलं गवत. एक तांबूस घोडी कठड्याशी आली. मानेच्या डाव्या बाजूला गोठवून उमटवलेला शिक्का, तेवढेच केस पांढरे. एकदा शिक्का बसला की कळप मोडला. नर एकीकडे, माद्या दुसरीकडे.

या घोड्यांना 1971 साली कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यासाठी इथल्याच वेल्मा जॉन्स्टन यांनी वर्षानुवर्षं रान उठवलं होतं. आणि आता? हेलिकॉप्टरने दमवत हाकायचं, फाटकात कोंडायचं, मग करदात्यांच्या पैशाने जन्मभर पोसायचं. असे साठ हजारांच्या आसपास घोडे देशभर कोंडलेले आहेत.

सरकार म्हणतं, कुरणं संपतायत. नेवाडात पाऊस नावालाच, घोडे चार-पाच वर्षांत दुप्पट होतात, सगळं कबूल. पण त्याच सरकारी जमिनीवर गाय-वासराच्या चराईला महिन्याला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही!

बरं, उपाय नाही असंही नाही. रीनोला लागून असलेल्या व्हर्जिनिया रेंजमध्ये स्वयंसेवक घोड्यांना लांबून डार्ट मारून गर्भनिरोधक लस देतात. किचकट काम, घोडी न् घोडी ओळखावी लागते. पण जमतंय.

नेवाडातल्या मराठी मंडळींनो, घोडे पकडण्याच्या योजनांवर सरकार हरकती मागवतं. दोन ओळी लिहा की राव. नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा.