पांढरा स्वॅब

दोन महिने झाले, पेशंट घरी गेला, खातोपितो, तरी ते आठ तास माझ्या डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. म्हणजे पेशंट मला सहसा दिसत नाही, त्याचं रक्त दिसतं, लघवी दिसते, शी दिसते, आणि त्यावरून आत काय चाललंय ते वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना सांगायचं. आमच्याकडे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा वॉर्ड आहे. त्या वॉर्डचं कॅलेंडरच वेगळं असतं, तिथे तारखेने कोणी बोलत नाही. दात्याच्या स्टेम सेल्स ज्या दिवशी पिशवीतून चढवतात तो दिवस शून्य, त्याआधीचे मायनस, नंतरचे प्लस. मायनस दिवसांत जबर केमो देऊन जुनी मॅरो पुसून टाकतात, आणि नवीन पेशी रुजेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे माणसाच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच.

लोकांना वाटतं की या पेशंटला धोका बाहेरून आहे. म्हणून मास्क, गाळलेली हवा, नातेवाईक काचेपलीकडे. ते हवंच. पण जिवावर उठणारा जंतू पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या आतड्यात आधीपासून बसलेला असतो. केमोने नुसतं रक्तच नाही, तोंडापासून खालपर्यंतचं आतलं अस्तरही सोलवटून निघतं. भिंत पडली, आणि पहारेकरीही नाहीत. त्यात आपण अँटिबायोटिक देतो, आधी तापाच्या भीतीने लेव्होफ्लॉक्सासिन, मग ताप आला की आणखी मोठी, त्यात आतड्यातले साधे गरीब जंतू मरून जातात आणि शेत मोकळं पडलं की तण माजावं तसं जे औषधाला दाद देत नाहीत तेच सगळीकडे होतात. न्यूयॉर्कच्या एका गटाने 2012 साली हे नीट मोजून दाखवलं, की रक्तात जंतू सापडायच्या आधी बऱ्याचदा तोच जंतू शीमध्ये वरचढ झालेला असतो. पुढे 2020 मध्ये चार शहरांतल्या 1362 पेशंटचे 8767 नमुने तपासले, त्यातही ज्यांच्या आतड्यातली विविधता संपलेली होती ते जास्त मेले, मग ते न्यूयॉर्कमधले असोत की जपानमधले.

म्हणून अ‍ॅडमिशनच्या दिवशी रेक्टल स्वॅब, म्हणजे गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना. त्यात कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमसारखी मोठी अँटिबायोटिक, न जुमानणारे जंतू, ज्यांना आम्ही सीआरई म्हणतो, ते आहेत का बघायचं. असतील तर ट्रान्सप्लांट थांबवतातच असं नाही, पण फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवतात की या माणसाला ताप आला तर पहिला डोस अमुकच द्या, नेहमीचा नको. एवढ्या एका ओळीसाठी तो सगळा खटाटोप असतो.

आता या स्वॅबबद्दल मला बोलायचंच आहे. काडी साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत घालून फिरवायची असते, आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर तपकिरी डाग दिसलाच पाहिजे. डाग नाही म्हणजे काडी कातडीला लावून आणलीय, तिच्यात आतड्यातलं काही नाही. पण कोणाला आवडतं ते करायला? पेशंट लाजतो, सिस्टर घाईत असतात, रेसिडेंटला ते आपलं काम वाटत नाही, आणि लॅबमध्ये नळीतून स्वच्छ पांढरी काडी निघते. अशी काडी परत पाठवायची असा नियम आमच्या मॅन्युअलमध्ये आहे. मी स्वतःच लिहिलेला आहे.

हा पेशंट पस्तिशीतला, ल्युकेमिया उलटलेला, दाता सख्खा भाऊ. दिवस मायनस 8 ला संध्याकाळी त्याचा स्वॅब आला, आणि तो पांढरा होता. मी वॉर्डला फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, परत नाही घेता येणार, त्याला मूळव्याध आहे, प्लेटलेट अठरा हजार, आधीच रक्त गेलंय." मला पटलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मग शी पाठवा, शीसुद्धा चालते. नाही म्हटलं. शिफ्ट संपत आली होती, बेंचवर तीस नमुने होते, म्हटलं जंतू वाढवायच्या प्लेटवर लावून तर बघू. लावला. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. रिपोर्ट गेला, सीआरई आढळले नाही. नमुन्याचा दर्जा लिहायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नाही, तीन वर्षं मागतेय मी ती जागा, तेव्हा "स्वॅब पांढरा होता" हे माझ्या वहीत राहिलं आणि वर गेला तो फक्त निकाल.

पुढचा आठवड्याचा नमुना मायनस 1 ला यायचा होता, तो आलाच नाही. केमोबरोबर उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन देतात, त्याने पोट घट्ट होतं, पेशंटला पाच दिवस शी झाली नाही. पेशी कमी असताना स्वॅब आत घालत नाहीत, जखम होते म्हणून, त्यामुळे वाट बघणं आलं. प्लस 4 ला जुलाब सुरू झाले तेव्हा कुठे सकाळी अकराला डबी आली.

आणि मग तो दिवस, प्लस 5.

सकाळी नऊला मी इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या. सीआरई शोधायची आमची जी रंगीत प्लेट असते तिच्यावर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू गुलाबी-लाल उगवतो आणि क्लेबसिएला हा दुसरा, निळी, धातूसारखी चमक असलेली. याच्या प्लेटवर निळं म्हणजे निळं, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, मधे बोट ठेवायला जागा नाही. थोड्याशा वसाहती दिसल्या असत्या तर वेगळं, इथे दुसरं काही उगवलेलंच नव्हतं. मी टेक्निशियनला म्हटलं, "आधी ही कार्ट्रिजमध्ये घाल, बाकी सगळं ठेव बाजूला." त्या कार्ट्रिजमध्ये कार्बापेनेम तोडणारे पाच जीन एकाच वेळी बघता येतात, पन्नासेक मिनिटं लागतात. आमच्याकडे ती मोजून मिळतात, प्रत्येक स्वॅबला वापरता येत नाहीत.

तोवर वॉर्डला फोन लावला. रेसिडेंटने उचलला, रात्रभर जागी होती बिचारी. म्हणाली, "मॅडम, त्याला पहाटे दोनला ताप आला, रक्ताची दोन्ही कल्चर सव्वादोनला घेतली, अडीचच्या आत नेहमीचं पाइपटॅझ चालू केलं. पण आता बीपी पडायला लागलंय, सर मेरोपेनेम करू म्हणतायत."

मी म्हटलं, मेरोपेनेम नको, शीमध्ये सीआरई आहे.

दोन सेकंद शांतता. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, तिच्या आवाजात आरोप नव्हता, "पण मॅडम, तुमचाच रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना?"

काय सांगणार. म्हटलं, "हो आहे. तो धरू नको."

दहा वाजून पाच मिनिटांनी कार्ट्रिजचं उत्तर आलं, एनडीएम आणि ओएक्सए-48, दोन्ही, म्हणजे कार्बापेनेम तोडणाऱ्या दोन वेगळ्या एन्झाइमचे जीन. मी ट्रान्सप्लांटच्या सरांना थेट फोन केला. सर हुशार आहेत, पण मोठ्या औषधाला हात लावायच्या आधी हटकून वाद घालतात, आणि एरवी मला ते आवडतं. म्हणाले, "शीमध्ये आहे म्हणजे रक्तात आहे असं नाही. रक्ताची बाटली अजून वाजली नाहीये." म्हणजे कल्चरच्या बाटलीत जंतू वाढले की मशीन वाजतं, ते अजून वाजलं नव्हतं. बरोबरच होतं त्यांचं. आतड्यात जंतू असणं वेगळं, इन्फेक्शन वेगळं, हे मीच दर वर्षी नवीन रेसिडेंटना शिकवते. पण बीपी 80 वर आलं होतं. मी त्यांना इटलीच्या 52 सेंटरचा अभ्यास सांगितला, 2015 साली छापून आलेला, दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्यांत ज्यांना ही औषध न जुमानणारी क्लेबसिएला झाली त्यातले 64 टक्के त्याच इन्फेक्शनने गेले, आणि ज्यांना पहिल्याच डोसला बरोबर औषध मिळालं नाही त्यांचं जास्त वाईट झालं. सर म्हणाले, "काय देऊ?"

इथे मला थोडं सविस्तर सांगू दे, कारण हा भाग मला सुंदर वाटतो. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम हे नवं जोडऔषध ओएक्सए-48 वर चालतं, पण एनडीएमपुढे काही कामाचं नाही, अव्हिबॅक्टमला ते एन्झाइम धरताच येत नाही. उलट अ‍ॅझट्रिओनम हे जुनं औषध एनडीएमला तोडता येत नाही. मग नुसतं अ‍ॅझट्रिओनम द्यावं? नाही, कारण या जंतूकडे एनडीएमच्या जोडीला दुसरीही एन्झाइम असतात, ती अ‍ॅझट्रिओनमचा फडशा पाडतात. आणि त्या दुसऱ्यांना अव्हिबॅक्टम बरोबर अडवतं. म्हणजे दोन्ही औषधं एकटी एकटी हरलेली, पण एकत्र दिली की एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने आत मारायचं. फक्त ती एकाच वेळी चालली पाहिजेत, सकाळी एक संध्याकाळी एक असं नाही. मी सिस्टरना फोन करून हेच सांगितलं, सेंट्रल लाइनच्या दोन वेगळ्या नळ्यांतून, दोन्ही एकदम सुरू करा. दहा पंचवीसला सुरू झालं, ताप आल्यानंतर आठ तासांनी.

दहा पन्नासला रक्ताची बाटली वाजली. थेंब काचेवर घेतला, ग्रॅम केलं, म्हणजे जंतू ओळखायचा रंग दिला, मायक्रोस्कोपखाली जाडजूड गुलाबी दांड्या, प्रत्येकीभोवती रिकामं वलय, क्लेबसिएलाचं कवच असतं ते. साडेआठ तासांत बाटली वाजणं म्हणजे रक्तात किती असतील याचा अंदाज येतो. मी ती स्लाइड बघत बसले थोडा वेळ. लॅबमधल्या मामांनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

दुपारी त्याच बाटलीतून प्लेट लावून संध्याकाळपर्यंत कोवळी वाढ मिळवली आणि चार नळ्या लावल्या. एकीत जंतू वाढवायचा नुसता रस्सा, दुसरीत अ‍ॅझट्रिओनमची चकती, तिसरीत सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टमची, चौथीत दोन्ही. अर्धा तास थांबायचं म्हणजे औषध चकतीतून उतरतं, मग जंतू घालायचे. रात्री नीट झोप लागली नाही, कारण तोवर आपण जे सांगितलं ते कागदावरचंच होतं, याच्या जंतूवर ते चालतंय याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. सकाळी सातला गेले. पहिली नळी गढूळ, दुसरी गढूळ, तिसरी गढूळ. चौथीच्या मागे छापील कागद धरला आणि अक्षरं वाचता आली, म्हणजे तिच्यात जंतू वाढलेच नव्हते. फोन करताना माझा आवाज कापत होता.

तो चार दिवस आयसीयूत होता, बीपी उचलून धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनवर. मग सुटला. प्लस 16 ला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या वर गेले आणि तिथेच टिकले, नवीन मॅरो रुजली होती. त्याच्या भावाने कुठेतरी वाचून विचारलं होतं की पोटात चांगले जंतू घालून हे वाईट काढता येणार नाहीत का, निरोग्याच्या शीमधून. रजिस्ट्रारने त्याला समजावलं की कल्पना चुकीची नाही, पण 2019 मध्ये अशाच प्रयोगात दात्याच्या शीमधून रेझिस्टंट ई. कोलाय गेला आणि एक ट्रान्सप्लांटचा पेशंट दगावला, तेव्हा असल्या नाजूक माणसावर घाई नको. भाऊ गप्प बसला. मला त्याचा प्रश्न आवडला होता, आमच्या बैठकांमध्ये यापेक्षा वाईट प्रश्न विचारले जातात.

आता माझं जे अडलंय ते. तो पांढरा स्वॅब मी परत पाठवला असता, किंवा शी मागवली असती, तर मायनस 8 लाच कळलं असतं? मला माहीत नाही. कदाचित तेव्हा जंतू इतके थोडे असतील की तपकिरी काडीतही सापडले नसते, आणि लेव्होफ्लॉक्सासिनने रान मोकळं केल्यावर वाढले असतील. कदाचित वॉर्डमध्येच लागले असतील. आम्ही त्याच्या खोलीतल्या बेसिनच्या जाळीखालून स्वॅब घेतले, कारण हे जंतू ड्रेनमध्ये महिनोन् महिने घर करतात, तिथे क्लेबसिएला मिळाली नाही, पण मिळाली नाही याचा अर्थ नव्हती असा होत नाही, हे त्या काडीने मला शिकवलंच आहे. सिस्टरवर मला राग नाही. अठरा हजार प्लेटलेट असलेल्या मूळव्याधीच्या माणसाला त्यांनी जपलं, आणि शी चालते हे आमच्यापैकी कोणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय, वॉर्डमध्ये कागद चिकटवलाय, फोटोसकट, ही काडी चालेल, ही नाही, आणि जमत नसेल तर डबीत शी. गेल्या दोन महिन्यांत मी अकरा पांढऱ्या काड्या परत पाठवल्या. तीन वेळा भांडण झालं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी ती जागा अजून दिलेली नाही.

मी विभागप्रमुखांना विचारलं की मायनस 8 चा तो रिपोर्ट दुरुस्त करून "नमुना अयोग्य" असा करू का. ते म्हणाले, "प्लेटवर जे दिसलं ते तू लिहिलंस, दुरुस्त काय करणार?" नियमाने ते बरोबर असतील. मी अर्ज लिहून ठेवलाय, माझ्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडून, सोमवारी परत घेऊन जाणार आहे. कारण उद्या हा माणूस दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये रात्री दोनला ताप घेऊन गेला आणि तिथल्या कुणी जुने कागद चाळले, तर त्यात माझ्या सहीचा एक निगेटिव्ह आहे.