पहिला पॅच आणि रिव्ह्यूची प्रतीक्षा

मुक्त सॉफ्टवेअरच्या एका प्रकल्पात माझा पहिला पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) स्वीकारला गेल्याला बराच काळ लोटला, तरी रिव्ह्यूसाठी, म्हणजे इतरांनी तो तपासावा म्हणून, ताटकळत काढलेले दिवस आठवले की आजही चीड येते. कोड उतरवून घेणे, बिल्ड करणे (त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करणे), चाचण्या चालवणे हे सारे विनासायास झाले. शैलीपाशीही अडले नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी २००१ सालापासून पेप ८ ही कोडच्या शैलीची नियमावली आहे. त्यातील ७९ अक्षरांची ओळ आणि चार स्पेसचे इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) लिंटर हे शैली तपासणारे साधनच तपासून देते, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये.

अडले ते पुढे. तारीख वाचणारे एक फंक्शन २९ फेब्रुवारी २००० ही वैध तारीख नाकारत होते. ती दुरुस्ती आणि त्याच फंक्शनमधील दुर्बोध नावांची सफाई मी एकत्र पाठवली. त्यावर ‘वेगळे करा’ एवढाच शेरा आला आणि नंतर काहीच नाही. का वेगळे करायचे, किती भाग पाडायचे, उत्तराची वाट कुठवर पाहायची, यांपैकी एकही गोष्ट प्रकल्पाच्या सूचनांमध्ये नव्हती. एका पॅचमध्ये एकच तार्किक बदल असावा आणि आठवण करून देण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबावे, असे लिनक्स प्रणालीचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नेलच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले आहे. नवख्यांकडून शिस्तीची अपेक्षा करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने निदान एवढे लिहायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

वेगळे करण्याचे कारण मला शेवटी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील ‘गिट बायसेक्ट’मुळे कळले. बिघाड कोणत्या कमिटमुळे (नोंदवलेल्या बदलामुळे) शिरला हे शोधताना ते मधल्या कमिटवर थांबून चाचणी करायला लावते. ते कमिट बिल्डच होत नसेल तर शोध अडखळतो, आणि त्यात चार बदल कोंबलेले असतील तर कमिट सापडूनही दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही. मग ‘गिट ॲड -पी’ने बदल तुकड्यातुकड्याने निवडून मी दोन कमिट केली: आधी केवळ नावांची सफाई, जिने फंक्शनचे वर्तन तसूभरही बदलत नाही, आणि नंतर दुरुस्ती, तिच्या चाचणीसह.

हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: काम हाती घेण्यापूर्वी प्रकल्पातील जुने कमिट संदेश वाचावेत, कारण न लिहिलेले नियम तिथेच सापडतात. संदेशाची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची असावी, मग एक रिकामी ओळ सोडून बदल का केला ते लिहावे. काय बदलले ते डिफमध्ये (जुन्या आणि नव्या कोडमधील फरकात) दिसतेच.

आठवडा उलटल्यावर नम्रपणे विचारणा केली, तेव्हा दुसऱ्या एका मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) लक्ष घातले आणि किरकोळ फेरफारांनंतर दोन्ही कमिट मुख्य शाखेत गेली. त्या ओळींवर, ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारे ‘गिट ब्लेम’ चालवले की माझे नाव दिसते, याचा मला अभिमान वाटतो. रिव्ह्यूमधील प्रत्येक मुद्द्याखाली मात्र स्वतंत्र उत्तर लिहावे, म्हणजे तपासणाऱ्याला सगळा पॅच पुन्हा चाळावा लागत नाही.